हत्यारांचा उंच गाडा

माझा उजवा खांदा निखळला तो मुरूमच्या पेठेत, एका किराणा दुकानदाराच्या माळवदावर. जुनी तुळई काढून नवी बसवली, वर माती चढवून झाली, आणि सगळं आटोपल्यावर एकदा शेवटचं बघून घेऊ म्हणून वर गेलो नि उतरताना शिडी सोडून रिकाम्या जागेवर पाय ठेवला. काम चालू असताना पडलो असतो तर एवढा राग आला नसता. काम संपल्यावर पडलो, आणि त्या रागात हाडवैद्यालाही दोन शब्द बोललो. त्या बिचाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता.

ही निजामाच्या राजवटीतली गोष्ट, चाळीस सालाच्या पुढची. मुरूमपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावचे सुतार आम्ही एकटेच. घरात मी, माझी बायको आणि आबा, म्हणजे माझे वडील. आबांचे गुडघे कामातून गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. गावातल्या निम्म्या बैलगाड्या आबांच्या हातच्या, पण आमच्या दारात ना गाडी होती ना बैल. रानात कामाला जायचं तर हत्यारांचा झोळणा खांद्यावर टाकायचा आणि चालू पडायचं. आबांनी चाळीस वर्षं तेच केलं आणि मीही तेच करत आलो होतो.

तीन महिन्यांनी माझा हात हलायला लागला. पटाशी धरता यायची, रंधा मारता यायचा, हातोडाही छातीच्या उंचीपर्यंत चालायचा. फक्त खांद्यावर वजन घेतलं की अशी कळ निघायची की डोळ्यांपुढं अंधारी यायची. डाव्या खांद्यावर झोळणा घेऊन बघितला. वेशीपर्यंत गेलो. तोल सावरायला उजवीकडंच जोर लागायचा, म्हणजे दुखणं तिथल्या तिथंच. वेशीतून परत आलो तेव्हा पारावरची माणसं काही बोलली नाहीत, आणि मला त्यांच्या न बोलण्याचाच संताप आला.

घरच्या घरी बसून भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण सुताराचं निम्मं काम रानात असतं. तिफण घ्या. पेरणीची ती तीन फणांची तिफण घरी कितीही नीट करा, फण किती तिरका ठेवायचा आणि किती खोल जाऊ द्यायचा, हे बैल जुंपून, त्या त्या रानाच्या ओलीत चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, ओढायचं, थांबायचं, पाचर ठोकायची, पुन्हा ओढायचं. आमच्याकडं रब्बीची ज्वारी म्हणजे वर्षाची भाकरी. तिच्या पेरणीला सुतार रानात नसला तर तो गावचा सुतार कसला?

हे मला कळत होतं तसं आप्पांनाही कळत होतं. आप्पा म्हणजे गावातले मोठे लिंगायत शेतकरी. घरात कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि मधूनमधून दोन्हीची सरमिसळ. भाद्रपदात एक दिवस ते स्वतः दारात आले. ओट्यावर बसले, आबांची चौकशी केली, मग माझ्या खांद्याकडं बघितलं.

"सुतारा, तुझ्या बापानं माझ्या बापाच्या तिफणी केल्या. आमाला दुसरा सुतार माहीत न्हाय. पर पेरणी कुणासाठी थांबत न्हाय बघ. सा तिफणी हायत. नवरात्र बसायच्या आत रानात येऊन लावून दे. जमत नसंल तर आत्ताच सांग, म्या शेजारच्या गावाहून माणूस आणतो."

"येतो की आप्पा," मी म्हणालो. कसा येणार ते मला माहीत नव्हतं.

"हौद, हौद," असं कानडीतलं हो-हो म्हणत आप्पा उठले. त्यांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं, हीच पंचाईत होती. माणूस वाईट वागला तर भांडता तरी येतं. शेजारच्या सुतारानं एक पेरणी उरकली की पुढच्या वर्षी बाकीचे त्याच्याकडंच जाणार, आणि माझ्या घराला गावात सुताराचं घर म्हणायचं ते फक्त आडनावापुरतं. मी घाबरलो होतो. तेव्हा कबूल केलं नाही, आज करतो.

बायको म्हणाली, "आवो, त्यात काय एवढं? म्या डोक्यावर घिऊन येते की झोळणा."

आबांनी मान हलवली. "ज्याला हत्यार चालवता येत न्हाय त्यानं ते वाहायचं न्हाय. आमच्या घराण्यात चालत न्हाय."

"मग भाकरी थापता येत न्हाय त्यानं खायची बी न्हाय का?" ती चुलीपुढून म्हणाली. आबा ऐकू न आल्यासारखं करून तंबाखू मळत बसले.

खरं सांगायचं तर गाड्याची कल्पना मला तिच्या चुलीजवळच सुचली. हात गळ्यात बांधलेला असताना मी तीन महिने घरात बसून होतो आणि बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ती भाकरी करताना जागची हलायची नाही. पीठ डावीकडं, पाणी उजवीकडं, मीठ हाताच्या अंतरावर, उलथनं गुडघ्याशी. रोज लागतं ते जवळ, सणावाराला लागतं ते वर फळीवर. आणि मी काय करत होतो? झोळण्यात हात घालून कानस शोधताना पटाशीनं बोट कापून घेत होतो, तेही वीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी मी एका दाराची चौकट कामाला घेतली आणि शेजारी खडे घेऊन बसलो. जे हत्यार उचलायचं त्याच्या नावानं एक खडा टाकायचा. संध्याकाळी पटाशीपुढं खड्यांचा ढीग झाला, गिरमिटापुढं दोनच खडे. मग कोळसा घेऊन मी भिंतीवर आखायला बसलो. दोन चाकं, वर एक पेटी, पेटीला खण. पटाशी, हातोडा, कानस पुढच्या खणात, हात नेला की लागतील अशा. करवत बाजूला उभ्या खाचेत. गिरमिट आणि मोठं सामान तळाशी. मागं दांडी, म्हणजे हात खाली सोडून ढकलता येईल आणि खांद्याला तोशीस नाही. बायकोनं ती भिंत चारच दिवसांपूर्वी सारवली होती. ती काय म्हणाली ते लिहीत नाही.

आबांनी भिंतीपुढं उभं राहून बराच वेळ बघितलं. मग काठीनं पेटी दाखवली. "ही किती उंच?"

"गुडघ्याएवढी. खाली वजन असलं की गाडा हालत न्हाय, आबा."

"हत्यारं गुडघ्याला? रस्त्याची धूळ, शेण, माणसांचे पाय, आणि त्यांच्या पातळीला हत्यारं?"

आमच्या घरात हत्याराला पाय लागला तर वाकून हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा, हे मी चालायला लागल्यापासून शिकलो होतो. जमिनीवर हत्यार ठेवायचं तर आधी पोतं अंथरायचं. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं. झोळणा खांद्यावर असायचा तो सोय म्हणून की मान म्हणून, हा विचार मी कधी केला नव्हता. आबांना तो विचार करायची गरजच नव्हती.

"कमरेच्या वर ठेव," ते म्हणाले. "मग काय ते कर."

मी वाद घातला. दोन दिवस अबोलाही धरला. पण मनातून मलाही हत्यारं गुडघ्याला नकोच होती, म्हणून शेवटी मी वाकलो. पेटी कमरेच्या वर एक वीत चढवली. खाली चार उंच पाय, त्यांना आडव्या पट्ट्या, आणि तळाला बाभळीची दोन छोटी चाकं. चाकांना लोखंडी पट्टा चढवायला गाडा शेजारच्या लोहाराकडं नेला. तो माझ्याच वयाचा, घरात दखनी बोलणारा, आणि गावात मला खरं सांगणारा एकटाच माणूस. त्यानं पट्टा चढवला, गाडा दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला आणि म्हणाला, "मिस्तरी, इसकी मुंडी भारी हो गई. पाय बारके, डोस्कं मोठं."

"तुमी लोखंडाचं बघा, लाकडाचं मी बघतो," मी म्हणालो. हे वाक्य मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

गल्लीत मात्र गाडा झकास चालला. पोरंसोरं मागं धावली. चावडीपुढच्या शिपायानं विचारलं, "क्या बेचते?" मी खण उघडून पटाशी दाखवली तर तो हसायला लागला. बायको दारात उभी राहून बघत होती. तिनं एक हातोडा मागितला, मी न बघता हात मागं नेला आणि हातोडाच हातात आला. त्या एका क्षणात मला वाटलं, जिंकलो.

नवरात्र बसायला दोन दिवस उरले तेव्हा, आज येतो असा आप्पांना निरोप धाडून, आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि आबा. "पयल्या दिशी हत्यारांसंगं म्या असणार," म्हणून काठी टेकत ते बरोबर आले. गावाबाहेर ओढा लागतो. पाणी घोट्याएवढंच, पण उतार वाकडा आणि वाटेत गोटे. उताराला लागताच डावं चाक गोट्यावर चढलं. मी दांडी दाबून धरली. खांद्यात कळ आली, हात सैल पडला, आणि वरची जड पेटी आधी सावकाश आणि मग एकदम चिखलात आडवी झाली.

सगळी हत्यारं बाहेर पडली. पटाशी चिखलात रुतली, रंधा पाण्यात गेला. मी धरायला धावलो तो माझा पाय बरोब्बर करवतीवर. लागलं नाही, चपलेवर निभावलं. पण मी तिथल्या तिथं वाकलो, करवतीला हात लावला आणि चिखलाचा हात कपाळाला नेला. तो चिखल कपाळावर थंड लागला आणि माझं डोकं फिरलं.

"कमरेच्या वर, कमरेच्या वर!" मी आबांवर ओरडलो. "आता बघा कुठं हायत ती! तुमच्या मानापायी पायाखाली आली की न्हाय? जातंय आता हातातलं काम. बसा घरात हत्यारांना कुंकू लावत!"

बापाशी मी असं कधी बोललो नव्हतो. त्यांनी काठी बाजूला ठेवली, दुखऱ्या गुडघ्यांनी पाण्याच्या कडेला कसेबसे बसले आणि एकेक हत्यार चिखलातून काढून धुवायला लागले. धुऊन झालं की डोक्याच्या पटक्यानं पुसायचे आणि मांडीवर ठेवायचे. पटका सोडलेलं त्यांचं पांढरं डोकं मी पहिल्यांदाच उघड्यावर बघितलं. माझा राग गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मीही शेजारी बसून धुवायला लागलो.

शेवटची कानस पुसताना ते म्हणाले, "ओंडका कुठाय?"

"कुठला ओंडका?"

"आपला. ज्याच्यावर लाकूड ठिवून तासतो त्यो."

"घरी हाय. त्याचं काय?"

"त्याच्यावर आपून बसतो. पाय बी ठिवतो. त्याला कवा कुंकू लावलं न्हाय." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "त्यो खाली चालंल."

 आमच्या घरात जे होतं त्यातलं सगळ्यात जड आणि सगळ्यात बिनमानाचं ते तेवढंच होतं, आणि माझ्या भिंतीवरच्या चित्रात ते नव्हतंच. एरवी रानात गेलो की शेतकऱ्याच्या बांधावरचा एखादा वाकडा बुंधा शोधायचा आणि त्याच्यावर तासायचं, मग पाचर वाकडी निघाली की शेतकऱ्यावर चिडायचं. वीस वर्षं हेच चाललं होतं.

परत आलो. लोहाराकडं गेलो आणि त्याला म्हणालो, "तुमी म्हणला ते खरं निघालं." तो भाता ओढायला लागला. त्यानं दोन जाड पट्ट्या वाकवून दिल्या. त्यात ओंडका चाकांच्या मधोमध, जमिनीपासून चार बोटं वर टांगला. चाकांमधलं अंतर मी वीतभर वाढवलं. दिवस मावळायच्या आत गाडा पुन्हा उभा राहिला. आबांनी काठीनं पेटीला जोरात ढोसलं. गाडा हलला नाही. त्यांनी परत ढोसलं. मग ते आत जाऊन झोपले, जेवलेही नाहीत. बायको म्हणाली, दमलेत. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं जेवले नाहीत. ती रात्र मी नीट झोपलो नाही.

सकाळी एकटाच निघालो. ओढ्याच्या उतारावर थांबलो, घाम पुसला आणि दांडी धरली. डावं चाक त्याच गोट्यावर चढलं. गाडा कलला, ओंडक्यानं त्याला खाली ओढलं, आणि चाक धप्पकन पलीकडं उतरलं. पेटीत कानस तेवढी खडखडली. ओढ्यात उभा राहून मी एकटाच मोठ्यानं हसलो.

हसू आप्पांच्या रानापर्यंत टिकलं नाही. निंबाखाली एक माणूस बसला होता, शेजारी झोळणा. शेजारच्या गावचा सुतार. आबांच्यापेक्षा थोडा लहान, पांढऱ्या मिशांचा. आप्पा पुढं आले, जरा अवघडलेले.

"काल तू आला न्हाईस, सुतारा. वाट बघून म्या सांगावा धाडला. बैल जुंपायचे हायत, मी काय करू?"

 मी ओढ्याचं सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तो म्हातारा सुतार उठून गाड्याजवळ आला. त्यानं गाड्याभोवती एक फेरी मारली. वाकून ओंडका बघितला.

"तुझा खांदा गेला असं ऐकलं व्हतं," तो मला म्हणाला. "काम सुटलं म्हणले. म्हून आलो. दाव बरं, एक फण बशीव."

त्याच्या आवाजात खोच नव्हती आणि दयाही नव्हती. आप्पांनी गड्याला हाक मारून बैल जुंपायला लावले. पहिलं तास ओढलं, मधला फण उथळ जात होता. मी गाडा तिफणीशेजारी उभा केला, पट्ट्यांतून ओंडका खाली सोडला, त्याच्यावर बाभळीचा तुकडा ठेवून पाचर तासली. हात नेला की हत्यार हातात येत होतं. वाकायचं नव्हतं, शोधायचं नव्हतं, हात छातीच्या वर न्यायचा नव्हता. पाचर ठोकली, दुसरं तास ओढलं. तिन्ही फण सारखे गेले. आप्पांनी मातीत बोट घालून तिन्ही ओळींची खोली बघितली.

"हौद," आप्पा म्हणाले. एकदाच म्हणाले.

म्हाताऱ्यानं आपला झोळणा उचलला. "आप्पा, गावचा सुतार कामाला उभा असताना म्या इथं हत्यार लावणं बरं न्हाय. आमच्यात तसं करत न्हाईत. म्या निघतो." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "पर एक सुतळी दे. ह्याचं माप घेतो. माझा बी खांदा रातच्याला ठणकतो." आणि त्यानं माझ्या गाड्याची उंची, रुंदी, चाकांमधलं अंतर सुतळीला गाठी मारून घेतलं. ओंडका किती खाली टांगायचा ते मीच चार बोटं लावून दाखवलं.

तो बांधावरून दिसेनासा झाला तेव्हा मी ओंडक्यावर बसलो. बसूनच दुसरी तिफण कामाला घेतली. दुपारनंतर सहावी लावून झाली आणि आप्पांच्या घरून भाकरी आली. इतकी गोड भाकरी मी त्यापूर्वी खाल्ली नव्हती. सुटल्यासारखं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. खांदा दुखतच होता, पण त्याची भीती गेली होती.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. ओढ्यातलं माझं बोलणंही चुकलं म्हणालो. त्यांनी हात झटकला. "तिफणी सरळ गेल्या न्हवं?" एवढंच विचारलं आणि बायकोला ताट वाढायला सांगितलं. त्या संध्याकाळी ते जेवले.

मग खंडेनवमी आली. दरसालासारखी हत्यारं धुतली, पण या खेपेला पाटावर न मांडता आबांनी ती गाड्यावरच जिथल्या तिथं ठेवायला लावली. एकेकाला हळदकुंकू लावत ते पेटीभोवती फिरले. झालं म्हणून मी आरतीचं ताट उचललं, तर ते काठी धरून खाली वाकायला लागले. गुडघे कडकडले. मी धरायला गेलो तर त्यांनी हात झिडकारला. खाली बसून, चाकांच्या मध्ये हात घालून त्यांनी ओंडक्याला हळद लावली, मग कुंकू. चिरा पडलेल्या, कुऱ्हाडीच्या घावांनी भरलेल्या त्या लाकडावर ते बोट बराच वेळ फिरवत राहिले.

"आबा," मी म्हणालो, "आता ह्याला कुंकू लावलं. आता ह्याला खाली कसं ठेवायचं? आणि बसायचं कुठं?"

त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला, उजव्याच हाताचा, आणि उठले.

"ऱ्हाऊ दे खालीच," ते म्हणाले. "त्याला इचारलंय म्या."